मान हालवण्याआधी: कवितेतली प्रतिमा आणि आशय कसा शोधायचा

गोव्यातल्या आमच्या फोंड्याच्या वाचनगटात नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी हमखास म्हणतो, "मला कविता आवडते, पण कळत नाही." मग कुणीतरी कविता वाचतं, सगळे मान डोलावतात, तोही डोलावतो. "काय दिसलं?" असं विचारलं की उत्तर येतं, "निसर्गाचं सुंदर वर्णन आहे," नाहीतर "भक्तीचं महत्त्व सांगितलंय." शाळेत मध्यवर्ती कल्पना लिहिताना आपण सगळ्यांनी हीच वाक्यं लिहिली. मीही लिहिली आणि त्यांना गुणही मिळाले. ती सवय सुटायला पुढे बरीच वर्षं लागली.

पेडणे महालातल्या पालये गावाशी नातं असलेले, बांद्याचं कुळकर्णीपण सोडून नाथपंथाकडे वळलेले सोहिरोबानाथ आंबिये अठराव्या शतकात एका पदात म्हणून गेले, "अनुभवावीण मान हालवू नको रे". ते साधकाला सांगत होते. पण कविता वाचणाऱ्यासाठी याहून नेमका सल्ला मला आजवर मिळालेला नाही. कवितेतली वस्तू आधी डोळ्यांनी, कानांनी, हातांनी अनुभवायची. तिचा अर्थ काय, हा प्रश्न त्यानंतरचा. या लेखातल्या सगळ्या पायऱ्या या एकाच ओळीतून निघाल्या आहेत.

दोन शब्द आधी स्पष्ट करून घेऊ. शब्दांनी आपल्या इंद्रियांसमोर उभी केलेली गोष्ट म्हणजे प्रतिमा. ती दिसेल, ऐकू येईल, तिचा वास येईल किंवा ती हाताला लागेल. या प्रतिमांमधून कविता जे म्हणते ते तिचं आशयसूत्र. विषय निराळा आणि आशयसूत्र निराळं. विषय एका शब्दात सांगता येतो: पाऊस, आई, मरण. आशयसूत्राला पूर्ण वाक्य लागतं, त्यात क्रियापद लागतं. "ही कविता पावसाबद्दल आहे" एवढं म्हणून तुम्ही थांबलात, तर अजून दारातच उभे आहात.

वही आणि आवाज

पहिलं काम हाताचं आहे. कविता वहीच्या डाव्या पानावर स्वतः उतरवून घ्या, उजवं पान कोरं ठेवा. वाचताना डोळा काही शब्द ओलांडून जातो, पण लिहिणाऱ्या हाताला तसं करता येत नाही. उतरवायला एकच चांगली छापील प्रत घ्या, कारण जुन्या पदांत आणि अभंगांत पाठभेद असतात, आणि चार ठिकाणांहून गोळा केलेल्या ओळींवर विचार उभा करता येत नाही. पणजीत पाटोवर कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, त्याची सुरुवात १८३२ सालची. गोमंतकीय लेखकांची पुस्तकं शोधायची असतील तर मी नव्या माणसाला आधी तिथेच पाठवते.

मग मोठ्याने तीनदा वाचा. पहिल्यांदा नुसतं वाचायचं. दुसऱ्यांदा जिथे अर्थ अडला तिथे पेन्सिलीने टिंब द्यायचं. तिसऱ्यांदा जिथे आवाज आपोआप हळू झाला तिथे रेघ मारायची. या रेघा जपून ठेवा. पुष्कळदा कवितेचं मर्म तिथेच असतं, कारण बुद्धीच्या आधी जीभ थबकते.

सोहिरोबांच्या पदाला आणखी एक अडचण आहे. मंगेशीच्या पं. जितेंद्र अभिषेकींनी ते गायलं आणि ते घराघरांत पोचलं. चाल इतकी ओढून नेते की शब्दांकडे लक्ष राहत नाही. ओळखीचं गाणं असेल तर आधी ते चालीशिवाय, बातमी वाचावी तसं सपाट आवाजात वाचा. पदाची सुरुवात अशी, मान हालवण्याची ओळ पुढच्या कडव्यात येते:

हरिभजनावीण काळ घालवू नको रे
अंतरीचा ज्ञानदिवा मालवू नको रे

दोरीच्या सापा भिऊनी भवा
भेटी नाही जीवाशिवा

विवेकाची ठरेल ओल
ऐसे की बोलावे बोल
आपुल्या मते उगीच चिखल कालवू नको रे

आता अन्वय लावा, म्हणजे ओळी बोलण्यातल्या क्रमाने मांडा. "दोरीचा जो साप वाटतो, त्या भवाला, म्हणजे संसाराला, भिऊन राहिल्यामुळे जीवाची आणि शिवाची भेट होत नाही." हे काम रूक्ष वाटतं, पण ते टाळू नका. अर्ध्या चुका इथेच होतात. शब्द अडला तर कोश उघडा. संदर्भावरून अंदाज बांधाल तर पुढचं सगळं त्या अंदाजावर उभं राहील.

दोन रकाने

आता उजव्या पानावर दोन रकाने आखा. एकात हाताला लागणाऱ्या, दिसणाऱ्या, अंगाला जाणवणाऱ्या गोष्टी, दुसऱ्यात बाकीचे मोठे शब्द. या पदाचा पहिला रकाना असा होईल: दिवा, दोरी, साप, ओल, चिखल, आणि पुढच्या कडव्यांत मान, ज्योत, डोळ्यांच्या पापण्या. दुसरा: भजन, ज्ञान, भव, विवेक, अनुभव. नवीन वाचक जवळजवळ नेहमी दुसऱ्या रकान्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे उत्तर तयार दिसतं. तुम्ही तो रकाना थोडा वेळ हाताने झाकून ठेवा.

पहिल्या रकान्यातल्या एकेका वस्तूपाशी थांबायचं आणि साधे प्रश्न विचारायचे. ही वस्तू कुठे असते? कोणत्या वेळी? तिला काय होऊ शकतं? तिच्याजवळ आणखी काय असतं?

दोरीचा साप कधी होतो? भर उन्हात नाही. मिट्ट काळोखातही नाही, कारण तेव्हा दोरीच दिसत नाही. तो होतो तिन्हीसांजेला, पडवीत, जेव्हा थोडं दिसतं आणि थोडं दिसत नाही. मग ध्रुवपदातल्या दिव्याकडे परत जा. दिवा आणि दोरी एकाच घरातल्या वस्तू आहेत! दिवा मंदावला की दोरी साप होते, मोठा केला की साप पुन्हा दोरी होतो. दोरी आणि साप हा वेदान्तातला जुना दृष्टान्त आहे, सोहिरोबांनी तो काही नव्याने घडवला नाही. पण त्याला दिव्याच्या शेजारी ठेवल्यामुळे तो या पदात घरचा होऊन येतो. दोन प्रतिमांमधला धागा असा हाती लागला की उजव्या पानावर त्यांना रेघेने जोडा. या जोडणाऱ्या रेघा म्हणजे विश्लेषणाचा निम्मा भाग.

ओल आणि चिखल मात्र मला स्वतःला उलगडले नव्हते. ओल म्हणजे ओलावा, प्रेमळपणा, असं मी कितीतरी वर्षं धरून चालले होते. एकदा आमच्या वाड्यावरच्या सप्ताहात हेच पद झालं. भजन संपल्यावर पखवाज उतरवून ठेवणाऱ्या काकांना मी विचारलं, "काका, ओल ठरते म्हणजे काय हो?" ते हसले. "बाये, तू शेत केलं नाहीस म्हणून विचारतेस. भात कापल्यावर जमिनीत जी ओल उरते, तिच्यावर आम्ही अळसांदे (चवळीसारखं कडधान्य) घालतो. वरून पाणी द्यावं लागत नाही. ओल ठरलीय की नाही ते हातात ढेकूळ घेऊन बघायचं. चिखल असेल तर बी कुजतं, सुकं असेल तर रुजत नाही."

ते पखवाज खोळीत घालून निघून गेले आणि मी मंडपातच उभी राहिले. ओल आणि चिखल दोन्हींत तीच माती आणि तेच पाणी. फरक कालवण्याचा. पाणी जमिनीत मुरू दिलं तर ओल ठरते, पायांनी कालवलं तर चिखल होतो. म्हणजे सोहिरोबा "विवेकाने बोल" एवढंच म्हणत नाहीत. बोलण्यानंतर ऐकणाऱ्यात काय उरतं, त्यावर पुढे काही रुजेल की कुजेल, हे ते विचारताहेत. आणि "आपुल्या मते" हे शब्द चिखलाच्या ओळीतच आले आहेत. शहाणपण आणि मताचा हट्ट एकाच मातीचे, हे एवढ्या थोडक्या शब्दांत सांगणं विवेक आणि हट्ट या कोऱ्या शब्दांना जमलं नसतं.

म्हणून अडलेली प्रतिमा कोशात सापडली नाही, तर ती वस्तू रोज हाताळणाऱ्या माणसाला विचारा. होडीबद्दल खलाशाला, मातीबद्दल शेतकऱ्याला, वातीबद्दल देवळातल्या माणसाला.

क्रियापदं

क्रियापदांना वेगळ्या रंगाने अधोरेखित करा. इथे ती आहेत घालवू, मालवू, कालवू, हालवू. यमक जुळतं, ते तर दिसतंच. पण सगळ्यांपुढे "नको" आहे, हे पाहा. या पदात काही मिळवायला सांगितलेलं नाही, काही थांबवायला सांगितलं आहे. आणि "मालवू नको" असं कुणाला म्हणता येईल? ज्याचा दिवा आधीपासून लागलेला आहे त्यालाच. "लाव" म्हटलं असतं तर पद निराळं झालं असतं.

याला मी बदलून बघण्याची चाचणी म्हणते. एक शब्द बदला आणि काय तुटतं ते पाहा. दिव्याच्या जागी सूर्य ठेवला तर? सूर्य माणसाला मालवता येत नाही, त्याला जपावं लागत नाही, म्हणजे माणसाची जबाबदारीच संपली. जी प्रतिमा बदलल्यावर काही बिघडत नाही ती केवळ सजावट. बदलल्यावर कविता कोसळली, तर ती खांब आहे.

आता, इतक्या उशिरा, आशयसूत्र लिहा. माझ्या वहीतलं वाक्य असं आहे: "माणसाच्या आत उजेड आधीपासून आहे. भीती, स्वतःच्या मताचा हट्ट आणि अनुभवाशिवाय होकार देण्याची सवय यांनी तो मालवतो." हे वाक्य प्रत्येक कडव्याला लावून बघा. भीती दोरीच्या सापातून आली, हट्ट चिखलातून, होकाराची सवय हालणाऱ्या मानेतून. शेवटच्या कडव्यात ज्योतीच्या ठिकाणी दिवसरात्र उरत नाही आणि पापणीही हालवू नको म्हटलं आहे. मान, पापणी आणि ज्योत, तिन्ही स्थिर. वाक्य बसलं. एखादं कडवं बाहेर राहत असेल तर कडव्याला ओढूनताणून आत घेऊ नका, वाक्य बदला.

उपमांची रांग

सगळ्याच प्रतिमा अशा एकमेकींत गुंतलेल्या नसतात. काही रांगेत येतात. मूळचे इंग्रज असलेले जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि त्यांनी मराठी ओव्यांत रचलेलं ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापून झालं, तेही रोमी लिपीत. त्यातल्या या ओव्या:

जैसी हरळांमाजी रत्नकिळा
की रत्नांमाजी हिरा निळा
तैसी भासांमाजी चोखळा
भासा मराठी

जैसी पुस्पांमाजी पुस्प मोगरी
की परिमळांमाजी कस्तुरी
तैसी भासांमाजी साजिरी
मराठिया

रांग दिसली की दोन गोष्टी तपासा. पहिली, कोणतं इंद्रिय जागं होतं. हरळ म्हणजे बारीक खडे. खड्यांत चमकणारं रत्न आणि निळा हिरा डोळ्यांसाठी आहेत. मोगरी आली की डोळा आणि नाक दोन्ही, आणि कस्तुरीपाशी फक्त वास उरतो. भाषा दिसण्याकडून दरवळण्याकडे सरकत गेली. दुसरी, सगळ्यांत सारखं काय. इथे "माजी". प्रत्येक वेळी अनेकांत एक. त्यामुळे "मराठी सुंदर आहे" हे आशयसूत्र कमी पडतं. ओवी भाषेला इतर भाषांच्या मेळ्यात उभी करून तिथे तिला मान देते, आणि तो देणारा अनेक भाषा कानावरून गेलेला माणूस आहे. आपल्या गोव्यात, जिथे एका घरात तीन भाषा बोलल्या जातात, हे "माजी" मला नेहमी जवळचं वाटतं.

जिथे कविता अर्थ सांगतच नाही

सोहिरोबांच्या पदात दिवा ज्ञानाचा आणि ओल विवेकाची, असं कवीच सांगून टाकतो. आधुनिक कविता पुष्कळदा फक्त वस्तू ठेवते आणि निघून जाते. सरावाला बालकवींची औदुंबर घ्या, आठच ओळींची आहे. ऐल तट, पैल तट, निळासावळा झरा, टेकडीकडे चार घरांचं चिमुकलं गाव, शेतमळ्यांची हिरवी गर्दी. मग पांढरी पायवाट, अडवीतिडवी, हिरव्या कुरणामधून काळ्या डोहाकडे जाणारी. आणि शेवट:

झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर

इथे दुसरा रकाना जवळपास रिकामा राहतो. घाबरू नका. अशा वेळी तीन गोष्टी धरून चाला: रंग, नजरेचा प्रवास आणि शेवटची वस्तू. रंग निळासावळा, हिरवा, पांढरा, काळा असे उतरत जातात. नजर झऱ्यावरून दूर गावाकडे जाते, तिथून पायवाटेने परत निघते आणि डोहापाशी थांबते. वाट गावातून घराकडे नेणारी नाही, पाण्याकडे नेणारी आहे. बाकी सगळं वाहतं, चालतं, पसरतं. औदुंबर एकटाच बसला आहे.

इथे वाचक हटकून बालकवींच्या आयुष्याकडे धावतात. ते १९१८ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी रेल्वेखाली सापडून गेले. मग काळा डोह म्हणजे मृत्यू, असं ठरून जातं. हे वाचन मी चूक म्हणणार नाही, पण असं लिहिणाऱ्याला मी एकच शब्द दाखवते: गोड. काळिमा गोड आहे. पाय पाण्यात सोडून बसणं हे भ्यालेल्या माणसाचं बसणं नाही, ते निवांत माणसाचं आहे. तुमच्या अर्थाला अडवणारा शब्द वगळू नका, त्याला सामोरे जा. "इथे अंधार आहे, पण तो औदुंबराने स्वीकारलेला, त्याच्याच सावलीचा आहे" असं काही तुम्हाला लिहावं लागेल, आणि ते "मृत्यूचं चित्रण" यापेक्षा कितीतरी खरं असेल. कुणी त्यात विरक्ती वाचेल, कुणी उदासी. दोघांनीही ओळीवर बोट ठेवून दाखवावं, एवढीच अट. कवीचं चरित्र शेवटी उघडावं, आणि ओळींनी संमती दिली तरच वापरावं.

लिहिताना

लिहायला बसलात की एका परिच्छेदात एकच प्रतिमा घ्या. आधी ओळ, मग ती वस्तू तुम्हाला कशी दिसली, मग तिचं शेजारच्या प्रतिमेशी नातं, आणि शेवटी तिच्यामुळे आशय कुठे सरकला. "कवीने अतिशय समर्पक शब्दांत" ही सुरुवात टाळा. तिच्यामागे बहुधा काहीच दिसलेलं नसतं. उपमा, रूपक, प्रतीक ही नावं माहीत असावीत, पण नाव देऊन थांबू नका. "येथे रूपक अलंकार आहे" हे वाक्य झाडाला "हे झाड आहे" म्हटल्यासारखं आहे.

एक परिच्छेद नमुन्यादाखल देते. "सोहिरोबा विवेकाला ओल म्हणतात आणि हट्टी बोलण्याला चिखल. ओल आणि चिखल एकाच माती-पाण्याचे असल्यामुळे विवेक आणि हट्ट यांच्यातलं अंतर किती थोडं आहे ते जाणवतं. 'ठरेल' हे क्रियापद संथ आहे, 'कालवू' हे घाईचं. त्यामुळे चांगलं बोलणं म्हणजे बोलून झाल्यावर थांबणं, असं या कडव्यातून दिसतं." चारच वाक्यं, पण ती कुठल्याही दुसऱ्या कवितेवर चिकटवता येणार नाहीत. लिहिलेला परिच्छेद पारखायची माझी कसोटी हीच.

एक प्रतिमा दोन कवींत ठेवून बघणं हा मला सर्वांत आवडणारा सराव. दिव्यासाठी आपल्याला लांब जायला नको. सोहिरोबांनंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी गोव्याच्याच शंकर रामाणींनी लिहिलं, "तमाच्या तळाशी दिवे लागले". इथे दिवा एक नाही, अनेक आहेत. ते कुणी मालवायला नको म्हणत नाही, ते लागले आहेत, कुणी लावले ते सांगितलेलं नाही. आणि "तळाशी" हा शब्द तिसऱ्या वाचनात माझ्या जिभेला दर वेळी अडवतो. अंधाराला तळ कसा असेल? ही ओळ डाव्या पानावर उतरवून घ्या. उजव्या पानावर ज्यांना ज्यांना तळ असतो त्या वस्तू लिहा: विहीर, डोह, घागर, होडी, समुद्र. मग एकेक वस्तू तमाच्या जागी धरून, ओळ मोठ्याने वाचून पाहा.